माणिकचंद शेठची चाळणी

दाणा टपोरा व्हावा म्हणून लोक नवस बोलतात, खत घालतात, काहीच जमलं नाही तर आभाळाकडे बघत बसतात. डॉ. खानझोडे नावाचे एक सरकारी शास्त्रज्ञ मात्र दाणा लहान करण्यात अर्धा जन्म घालवून बसले होते. सोयाबीनचं एक वाण त्यांनी इतकं बारीक करून आणलं होतं की मुठीत घेतलं तर मूगच वाटावेत. हे कशासाठी, ते त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. फार शिकलेल्या माणसांना असं वाटतं की आपल्या डोक्यात जे आहे ते समोरच्याच्या डोक्यात आपोआप पोचलेलं असतं.

मी मंगरूळच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. ललिताबाई म्हटलं की तेव्हा सगळा तालुका ओळखायचा, आणि निम्मा तालुका घाबरायचा. आणीबाणीचं वर्ष होतं. कुठल्याही खात्याचा साहेब आला की गर्दी दिसावी म्हणून बाकीच्या खात्यांना सभेला बसवत. म्हणून सोयाबीनच्या सभेला मी, तलाठी आणि शाळेचे दोन मास्तर असे हजर होतो. सभा माणिकचंद शेठच्या दुकानामागच्या अंगणात होती, कारण सावली तिथेच होती आणि चहाही तिथेच मिळणार होता.

माणिकचंद धान्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या दुकानातून बारीक दाणा बाहेर पडत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती पसरवण्याचं काम ते स्वतःच जातीनं करत. तूर असो, हरभरा असो, माल आला की चाळणीवर चढायचा. वर राहील तो माल, खाली पडेल तो कचरा. माणसांच्या बाबतीतही शेठचा हाच हिशेब होता. मला ते चाळणीच्या वर धरत, कारण त्यांच्या घरी सुई टोचायला मीच जात असे.

डॉक्टरसाहेब तासभर बोलले. जमिनीचं बोलले, जिवाणूंचं बोलले, देशाच्या प्रगतीचं तर फारच बोलले. कामाचं एवढंच सांगितलं की मुंबईची एक कंपनी हा माल परदेशात खाण्यासाठी पाठवणार आहे, दाणा सगळा एकसारखा हवा, आणि पहिल्या वर्षीचा माल कंपनीला पसंत पडला तर हिवाळ्यात याचं बियाणं इथंच पाण्यावर घ्यायचं, त्याची मजुरी कंपनी देईल. पसंतीपर्यंत माल शेतकऱ्यांचाच. शेठनी तो फक्त साफ करून नीट ठेवायचा.

दाणा बारीकच हवा, हे वाक्य त्या तासाभरात एकदाही आलं नाही.

कपाशीवाले शेतकरी चहा पिऊन, दात कोरत निघून गेले. तयार झाले ते फक्त तांड्यावरचे लोक. मंगरूळच्या पुढे बस फाट्यावर सोडते, तिथून आत चालत गेलं की बंजाऱ्यांचा हा तांडा. त्यांच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे, पण हिवाळाभर तांड्यावर माणूसच नसे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला घेऊन जायचा. हिवाळ्यात काम इथेच मिळालं तर ट्रकात चढायची गरज नव्हती. तांड्यावरच्या हेमलानं एवढी एकच गोष्ट ऐकली आणि मान हलवली. त्या सभेत नीट ऐकणारा तो एकटाच असावा.

हेमलाच्या घाईला कारण होतं. त्याची बायको हिरीबाई आदल्या हिवाळ्यात उसाच्या फडात बाळंत झाली होती. मूल गेलं. तिचं रक्त थांबेना म्हणून मोळ्यांच्या गाडीतून तिला कुठल्याशा दवाखान्यात नेलं आणि ती कशीबशी वाचली. श्रावणात ती माझ्याकडे आली तेव्हा पुन्हा दिवस गेलेले होते. हात लावला तर अंगात रक्त नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, "हिरे, या खेपेले फडात गेली तर तू तरी राह्यशील नाई तं लेकरू तरी. माघात दिवस भरतात. दवाखान्यापासून दूर जायचं नाई."

"माल पास झाला तं राह्यतो न बाई," ती म्हणाली. "घरची बुढी आहे बाळंतपनाले. तुमी आहे. मले कायले जा लागते?"

बुढी म्हणजे तिची सासू नानीबाई. तिनं तांड्यावरची सगळी बाळंतपणं केली होती, पण आता गुडघे गेल्यानं ती तांडा सोडू शकत नव्हती. एका बाईचा आणि तिच्या पोटातल्या जिवाचा निकाल मुंबईच्या कुण्या साहेबाच्या पसंतीवर ठेवला गेला होता. असल्या व्यवस्थेला आपल्याकडे विकास म्हणत.

त्यात ग्रामसेवक उकंडराव. हे गृहस्थ सायकल ढकलत फिरायचे, कारण तिच्यावर बसलं तर काम लवकर संपेल अशी त्यांना भीती असावी. पेरणीच्या वेळी बी कमी पडलं. वर कळवलं तर आपल्याला जाब विचारतील म्हणून त्यांनी गोदामातलं साधं सोयाबीन आणून त्यात मिसळलं आणि भरती केली. सोयाबीन ते सोयाबीन, असं त्यांचं म्हणणं. ते साधं सोयाबीन टपोरं होतं. म्हणजे पिकात थोडा दाणा मोठा येणार, बाकी सगळा बारीक, हे ठरूनच गेलं.

पीक मात्र झकास आलं. तांड्यावर लसी टोचायला जायची तेव्हा मी पाहिलं आहे, हिरीबाई पोट सांभाळत निंदण करायची आणि शेंगा मोजल्यासारखी झाडाकडे बघायची. दसऱ्याच्या सुमाराला मळणी झाली. पोती बैलगाड्यांतून शेठच्या अंगणात आली आणि चाळणीवर चढली.

त्या दिवशी मी शेठच्या घरीच होते. त्यांच्या पत्नी प्रेमाबाईंना सुई टोचून मागच्या दारी हात धूत होते. अंगणात तुरीची चाळणी लावलेली. ओतलं की धो धो सगळं खाली. वर उरायचे ओंजळभर टपोरे दाणे, उकंडरावांच्या पुण्याईचे. खाली ढीग वाढत चालला आणि हेमलाचं तोंड उतरत चाललं.

"शेटजी, खत कमी पडलं जी," तो म्हणाला. "वावर चांगलं आहे. पुढच्या साली दाना भरीन."

"वावर काय करते?" माणिकचंद म्हणाले. "तुमी बैलाच्या पाठीवर मीठ वाहणारे लोक. शेती तुमच्या बापानं तरी केली होती काय? हा दाना आहे? हा तं चिमणीच्या तोंडातला आहे. परदेशात पाठवाचा माल आहे हा, मंगरूळचं नाव आहे त्याच्यावर. माह्या दुकानातून असा माल जात नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी बाळंतपणाची बाई, दाण्यातलं मला काय कळत होतं? हेमलालाही कळत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी टपोराच दाणा चांगला म्हटलेला. बारीक दाणा निघाला की शेतकऱ्यानं मान खाली घालायची, हा या मुलखाचा रिवाज. तो हात जोडून उभा राहिला. स्वतःच्या उत्तम पिकाची माफी मागणारा शेतकरी मी त्या दिवशी पाहिला.

वरचा टपोरा माल नवीन पोत्यांत भरून, तोंडं शिवून, दुकानात मांडला गेला. खालच्या ढिगाचं काय करायचं? तेव्हा शेठना पुण्याची आठवण झाली.

"हे तुह्या कायच्या कामाचं," ते हेमलाला म्हणाले. "मंदिरात कबुतराईले घालू. जीवदया होईन. तुले बी पुन्य लागन."

हेमलानं मान हलवली. लाजलेल्या माणसाकडून होकार काढायला वेळ लागत नाही.

पोती रस्त्यापलीकडच्या जैन मंदिरामागच्या खोलीत रचली गेली. किल्ली शेठकडेच असायची. रोज सकाळी घमेलंभर दाणा मंदिरासमोरच्या ओट्यावर पडू लागला. रविवारी पूजा झाल्यावर पुकारा झाला : जीवदयेसाठी धान्य, दाते श्रीमान माणिकचंदजी. हेमलाचं नाव त्यात नव्हतं. शेठ हात जोडून, मान किंचित वाकवून उभे होते, आणि ती मान वाकवण्याचा सराव त्यांनी घरी आरशासमोर केला असावा असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

राहिली कबुतरं. ती ज्वारीला चटावलेली. सोयाबीन चोचीनं उडवायची, खाली एखादा ज्वारीचा दाणा आहे का बघायची आणि शेठच्या पुण्यावर शिटून उडून जायची. गावात अक्कल असलेली तेवढीच.

दिवाळी झाली. मुकादम तांड्यावर येऊन बसला. हेमला त्याला आज-उद्या करत होता, कारण मुंबईचे साहेब येणार होते. आणि एका सकाळी जीप आली. पुढे मुंबईचे साहेब, मागे डॉ. खानझोडे, त्यांच्या मागे धूळ. हिरीबाई माझ्याकडे तपासायला आली होती, ती तशीच शेठच्या अंगणाकडे निघाली. मीही निघाले. दवाखान्यात तेव्हा आणखी कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी गेले असते.

शेठनी पोत्याची शिवण स्वतः उसवली. साहेबांनी मूठ भरून घेतली, पाहिली, परत टाकली. दुसरं पोतं, तिसरं. मग ते डॉक्टरांकडे वळून थंडपणे म्हणाले, "ये क्या है?"

खानझोडेंचा चेहरा पांढरा पडला. "हे माझं वाण नाही! शेठ, दाणा कुठे आहे? बारीक दाणा?"

"बारीक?" माणिकचंद हसले. त्यांना वाटलं शाबासकी मिळते आहे. "बारीक एक दाना नाई सापडाचा, साहेब. सारा चाळून काढला."

तो क्षण आठवला की मला अजून हसू येतं, आणि लगेच संताप येतो. कारण त्या सगळ्यांत पहिल्यांदा कुणाला काय झालं ते समजलं असेल तर हिरीबाईला. ती ओरडलीच, "म्हणजे आमचा मालच चांगला होता?"

ती पोट धरून रस्ता ओलांडून गेली, मंदिराच्या ओट्यावरच्या दाण्यांची मूठ भरली आणि साहेबांसमोर हात उघडला. साहेबांनी एक दाणा दातांखाली फोडला, तळहातावर बाकीचे फिरवले आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"यही! यही चाहिए. कितना है?"

"पोतीच्या पोती आहेत," हेमला म्हणाला. तोही तोवर धावत आला होता. "मंदिराच्या मांगच्या खोलीत. कबुतरं खातच नाई. जसंच्या तसं आहे साहेब!"

झालं, म्हणजे सगळं सुटलं. खोली उघडायची, पोती बाहेर काढायची, वाट्यास आलेल्या मूर्खपणाला सगळ्यांनी मिळून हसायचं आणि चहा प्यायचा. दुसऱ्या कुठल्याही गावात हेच झालं असतं. मला तर इतकं हायसं वाटलं की मी हिरीबाईच्या पाठीवर हात ठेवला.

माणिकचंद शेठनी किल्लीची कनवटी घट्ट केली.

"दान केलेलं वापस घेता येत नाई," ते म्हणाले.

आधी वाटलं गंमत करताहेत. पण नाही. गंमत करायला स्वतःवर हसता यावं लागतं. चारचौघांत त्यांची चाळणी खोटी ठरली होती, परक्या माणसासमोर ठरली होती, आणि आता तीच पोती खांद्यावर घालून मंदिरातून बाहेर निघाली तर पुकाऱ्यातलं नावही निघून जाणार होतं. हे सोसण्यापेक्षा धर्म आठवणं सोपं होतं.

मी म्हटलं, "शेठ, दान कोनाचं? माल हेमलाचा. त्यानं कचरा समजून हो म्हटलं. तुमीच कचरा सांगतला."

"त्यानं हो म्हटलं न? मंग झालं."

"तेवढीच पोती ज्वारीची घाला कबुतराईले. ज्वारी खातात तरी ते."

आतून प्रेमाबाई दारात आल्या होत्या. सुई टोचून घेताना डोळे मिटणारी ती बाई त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली, "अहो, देऊन टाका न. जवारी मी देतो घरातली. लेकुरवाळी होनार आहे ते बाई."

शेठनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरकली. तरी ती दारातून गेली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मुंबईचे साहेब समजुतीचा सूर लावायला गेले आणि त्यांनी उरलंसुरलं घालवलं. त्यांनी कौतुकानं सांगितलं की परदेशात हा दाणा शिजवून उबेत आंबवतात, त्याला तार सुटते, वास सुटतो, आणि मग लोक तो भाताबरोबर चवीनं खातात. दाणा जितका लहान तितकं ते चांगलं आंबतं. डॉ. खानझोडे डोळे मिटून उभे होते. बारीक दाण्याचं सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती, पण हे आंबवण्याचं मात्र जैन व्यापाऱ्यापासून त्यांनी मुद्दाम लपवलं होतं. लपवलं नसतं तर शेठ तेव्हाच नाही म्हणाले असते आणि तांड्यानं दुसरा कुणी गाठला असता.

माणिकचंदांना तर देवच पावला. "नासवून खातात? जीव पाडून खातात? आनि थे मी देवाच्या खोलीतून काढून देऊ? माह्याकडून असं पाप होनार नाई." टपोरा माल त्याच लोकांना नासवायला देताना हे पाप कुठे असतं, ते मी विचारलं. त्यांना ते ऐकू आलं नाही.

हिरीबाईनं विनवणी केली नाही. ती फक्त म्हणाली, "शेटजी, मी फडात मरन."

"मरन-जगनं आपल्या हाती नाई बाई," शेठ म्हणाले. "धर्म आहे आपल्या हाती."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरकारी नर्सनं तसं बोलू नये. पण एकही शब्द मला मागे घ्यावासा वाटला नाही, आजही वाटत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मंदिराच्या भानगडीतला माल कंपनीला नको, असं म्हणून ते जीपमध्ये बसले. डॉक्टर त्यांच्यामागे धावले, आपल्या वाणाची बाजू मांडत. हेमला आणि हिरीबाई यांच्याकडे दोघांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही. उकंडराव त्या दिवशी रजेवर होते.

मुकादम जोडप्याशिवाय घेत नसे. एक तोडणार, एक मोळी बांधणार. घरात दाणे होते ते शेठच्या भरवशावर मंदिरात जाऊन बसले होते. मी हेमलाला म्हटलं, तिला माझ्याकडे ठेव. तो म्हणाला, "बाई, मी एकटा गेलो तं मले फडावर कोन ठेवते? नाई गेलो तं बुढी काय खाते?" तो ट्रक फाट्यावरून निघाला तेव्हा मी तिथे होते. नाळ कापायला पातं, दोरा, कापूस आणि रक्तवाढीच्या गोळ्या एका फडक्यात बांधून दिल्या. नानीबाईला दोघांनी धरून फाट्यापर्यंत आणलं होतं. ट्रकच्या फळीला हात लावून ती सुनेला आपल्या बोलीत काहीतरी सांगत राहिली, बहुधा एकटीनं बाळंत कसं व्हायचं ते.

त्या हिवाळ्यात मंदिरामागची पोती किड्यांनी पोखरली. किडे पडले म्हणून ती हलवायचीही पंचाईत झाली, कारण किड्यांनाही जीव असतो. त्या खोलीला कुलूप तसंच राहिलं.

होळीच्या आधी तांडा परतला. मी बस पकडून गेले, फाट्यावरून चालत गेले. हिरीबाई उंबऱ्यात बसली होती. जिवंत होती. आधी मी तेवढंच पाहिलं. मग तिच्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. तिनंच सांगितलं. मुलगा होता. रडला होता. दूध ओढायची ताकद नव्हती त्याच्यात, आणि दवाखाना फार लांब होता. नानीबाई आत भिंतीकडे तोंड करून निजली होती.

परत आले तर बातमी माझ्याआधी बाजारात पोचलेली. संध्याकाळी माणिकचंद शेठ दवाखान्यात आले. स्वतः आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, घसा खाकरला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता, हे मी नाकारत नाही. माणूस वाईट नसला म्हणून काय उपयोग?

"बाई," ते म्हणाले, "तुमी तांड्यावर जाता. हिरीबाईले सांगजा, त्या लेकराच्या नावानं मी सालभर कबुतराईले जवारी टाकनार आहे. रविवारी मंदिरात नाव पुकारू. लेकराचं नाव काय होतं, तेवढं इचारून येजा."

मी हाकलूनच देणार होते. पण म्हटलं, निरोप तिचा आहे, उत्तरही तिनंच द्यावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

हिरीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बारसं नोतं झालं त्याचं," ती म्हणाली. "त्याले नावच नोतं बाई. शेटजीले म्हना, आपलंच नाव पुकारा."